छपरीतला कारखाना
(प्रस्तावना)

मे महिन्यात गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण भागातली गावे पहाटेच रिकामी होतात. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतली माणसे उजाडायच्या आत जंगलात पोचलेली असतात. ऊन चढेपर्यंत तेंदूची पाने तोडायची, ओझे डोक्यावर घेऊन घरी यायचे, सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या ठिकाणी, नेऊन मोजून द्यायचे. पंधरा-वीस दिवसांचा हा हंगाम. काहीजण त्यासाठी गडचिरोलीच्या जंगलापर्यंत जातात आणि पाऊस यायच्या आत, रोवणीसाठी, गावी परततात.

पान वाळते, पोत्यात भरले जाते, गोदामात जाते. काही महिन्यांनी तेच पान एखाद्या वस्तीत, एखाद्या घराच्या छपरीत ओल्या फडक्यात गुंडाळलेले दिसते. तिथे एक बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली असते. सुपात जर्दा, कापलेली पाने, दोऱ्याचे रीळ. पान घ्यायचे, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचे, दोरा गुंडाळायचा, टोक दुमडायचे. हजार बिड्यांचा हिशेब पुरा होईपर्यंत हात थांबत नाही. दुसऱ्या दिवशी माल सट्टेदाराकडे जातो. तो काही बिड्या बाजूला काढतो. त्याला ‘छाट’ म्हणतात. छाटीत गेलेल्या बिडीची मजुरी मिळत नाही, आणि पुष्कळदा ती बिडीही परत मिळत नाही. पाने कमी भरली तर हजाराचा आकडा गाठायला बाईनेच पदरचे पैसे घालून पाने आणायची.

या बाईचा मालक कोण? बंडलावर ज्याचे नाव आणि चित्र छापलेले आहे तो कारखानदार, की माल मोजून घेणारा सट्टेदार? की ती स्वतःच्या घरात बसलेली आहे म्हणून तिची तीच मालक?

प्रश्न साधा दिसतो. पण बिडी कामगारांच्या चळवळीचा गेल्या नव्वद-शंभर वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे. गिरणी कामगाराला हा प्रश्न कधी पडला नाही. त्याच्यासमोर फाटक होते, भोंगा होता, पगाराची खिडकी होती. मजुरीचे भांडण करण्याआधी बिडी कामगाराला मात्र आपण कामगार आहोत हेच सिद्ध करावे लागले. प्रस्तुत संग्रह उभा राहिला आहे तो या दुहेरी लढ्याची नोंद एका जिल्ह्याच्या अंगाने ठेवण्यासाठी.

गोंदियाच का, याचे उत्तर रेल्वेच्या नकाशात आहे. १८८०च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे लोहमार्ग गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून एक अरुंद मार्ग सातपुडा ओलांडून जबलपूरकडे, तर दुसरा दक्षिणेला चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) दिशेने निघाला. भोवती तेंदूचे जंगल, मधोमध जंक्शन. १८९९च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर चरोतर भागातली पाटीदार कुटुंबे रोजगाराच्या शोधात मध्य प्रांतात येत होती. जबलपूरच्या बाजूला त्यांना तेंदूचे पान गवसले. गुजरातेत बिडीसाठी वापरल्या जाणाऱ्या आपट्याच्या पानापेक्षा ते लवचीक आणि टिकाऊ निघाले. तंबाखू गुजरातेतून यायचा, पान इथले, हात इथले आणि गिऱ्हाईक साऱ्या हिंदुस्थानात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा धंदा विदर्भात रुजला होता. गोंदिया, तिरोडा, तुमसर, भंडारा, कामठी ही नावे बिडीच्या व्यापारात ठळक झाली. भाताच्या गिरण्या आणि बिडीची गोदामे यांवर गोंदिया शहर वाढले. मनोहरभाई पटेल यांचे घराणे याच व्यापारातले. १९५८ साली त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था उभी केली आणि तिच्या शाळा-महाविद्यालयांतून जिल्ह्याच्या पिढ्या शिकल्या. जिल्ह्याची घडण समजून घेताना ही बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडावी लागते.

ज्या हातांनी बिड्या वळल्या त्यांची कहाणी मात्र तुटक-तुटक नोंदली गेली. झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या या पूर्व टोकाला, भाताचे एकच पीक. रोवणी आणि कापणी सोडली तर भूमिहीनाला वर्षातले कित्येक महिने काम नाही. या रिकाम्या महिन्यांत बिडीचे सूप घरात आले. वळणाऱ्यांत महार समाजाचे, पुढे बौद्ध झालेल्यांचे, प्रमाण मोठे होते. बलुतेदारीच्या बाहेर, रोख पैसा देणारे हे काम होते. त्यात अन्याय होता आणि गावकीच्या जोखडातून निघण्याची फटही होती.

म्हणूनच या भागातली पहिली ठळक संघटना आंबेडकरी चळवळीतून आली, हा योगायोग नव्हता. कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे (१९०४–१९३९) यांना महाराष्ट्र ‘जय भीम’ या अभिवादनाचे प्रवर्तक म्हणून ओळखतो. १९३०च्या दशकात त्यांनीच मध्य प्रांतातल्या बिडी मजुरांचा संघ बांधला, हे मात्र कमी लोकांना ठाऊक असते. ठेकेदाराला मधून काढण्यासाठी त्यांनी सहकारी तत्त्वावर बिडीचे काम सुरू करून पाहिले. रामटेक-नागपूरकडून हा प्रयत्न भंडारा, चांदा आणि छत्तीसगडपर्यंत पसरला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. १९३७ साली हरदास डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे प्रांतिक कायदेमंडळात निवडून गेले आणि दोनच वर्षांत, पस्तिशीतच वारले. जातीचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न त्यांनी वेगळे धरले नाहीत. पुढच्या काळात हे दोन प्रवाह अनेकदा परस्परांकडे पाठ करून वाहिले, ही या इतिहासातली मोठी हानी आहे.

त्याच १९३७ साली मध्य प्रांताने कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेरच्या कारखान्यांसाठी एक कायदा केला. बिडी, लाख आणि कातडी कमावण्याचे उद्योग त्यात घेतले, पण तो लागू होता पन्नास आणि त्याहून अधिक माणसे असलेल्या जागेला. पन्नासांची अट असलेल्या कायद्यातून सुटायला पन्नासांच्या आत राहिले की पुरे. पुढे १९४८चा कारखाना कायदा आला, आणि मोठ्या शेडमधले काम सट्टेदारांमार्फत गावोगाव, घरोघर वाटले जाण्याला आणखी जोर आला. कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी १९४४ साली नेमलेल्या रेगे समितीनेही घरकाम आणि मध्यस्थ यांचा हा गुंता तपशिलाने पाहिला होता. कायदा जागा धरून चालतो. बिडीला जागा लागत नाही. यंत्र नाही, वीज नाही, छप्परसुद्धा कामगाराचेच. उद्योग हलवायला मालकाला एक पोते पाने आणि एक डबा जर्दा दुसऱ्या गावी पाठवला की झाले.

न्यायालयांतली लढाई याच वाटेने गेली. १९४८ साली मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बिड्या वळण्यावर बंदी आणणारा कायदा केला होता. हेतू हा की शेतीला मजूर मिळावेत. सागर जिल्ह्यातल्या बंदीला आव्हान मिळाले आणि १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने ‘चिंतामणराव’ खटल्यात तो कायदा घटनाबाह्य ठरवला. व्यवसायस्वातंत्र्यावरचे निर्बंध वाजवी असावेत, हे तत्त्व सांगताना कायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल वाचतात. त्यामागे रोवणीसाठी मजूर हवा असलेला शेतमालक आणि बिडीसाठी हात हवा असलेला कारखानदार यांची ओढाताण होती, आणि मधे उभ्या असलेल्या मजुराला दोघांनीही विचारले नव्हते, हे सहसा सांगितले जात नाही.

पुढचे खटले थेट ‘कामगार कोण’ यावर आले. १९५८ साली न्यायालय म्हणाले, सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत, कारखान्याचे कामगार नव्हेत. १९६०च्या दशकाच्या उंबरठ्यावर नागपूरच्या एका बिडी कारखान्यातल्या मजुरांना न्यायालयाने कामगार मानले, कारण मालाची तपासणी मालक करत होता. थोड्याच काळात महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या खटल्यात, वेळ आपल्या मर्जीने ठरवणारा बिडी वळणारा कामगार ठरत नाही, असाही निकाल आला. संगमनेर आणि अकोले या तालुक्यांतल्या बिडी कामगार युनियनला किमान वेतनाच्या अधिसूचनेसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंजावे लागले. १९६४ साली मद्रासकडच्या एका प्रकरणात न्यायालयाने मध्यस्थांच्या कराराचा पडदा बाजूला केला: मध्यस्थ हे मालकाचेच हस्तक आहेत, मजूर मालकाचेच आहेत. १९६६ साली संसदेने बिडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि घरी बसून वळणाऱ्या बाईचे नाव पहिल्यांदा कायद्याच्या चौकटीत आले. मालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. १९७४ साली कायदा टिकला. १९७६ साली उपकरावर चालणारा कल्याण निधी उभा राहिला, १९७७ साली भविष्य निर्वाह निधी लागू झाला आणि १९८५ साली न्यायालयाने घरखेप, म्हणजे घरी बसून काम करणारे, कामगारही त्याचे हक्कदार असल्याचे मान्य केले. एका बाईला ‘तू कामगार आहेस’ हे कागदावर मिळवायला एवढी वर्षे लागली.

कागद आणि छपरी यांच्यामधले अंतर तोडण्यासाठी देशभर जे मार्ग चोखाळले गेले, त्यांचे ढोबळमानाने चार प्रवाह दिसतात. नवख्या वाचकाला ते माहीत असणे गरजेचे आहे, कारण गोंदियातल्या प्रत्येक प्रयत्नावर यांपैकी कोणाची ना कोणाची सावली आहे.

पहिला प्रवाह डाव्या कामगार संघटनांचा. मोर्चा, संप, किमान वेतन, महागाई भत्ता ही त्यांची भाषा. पश्चिम महाराष्ट्रात बिडीला ‘विडी’ म्हणतात, आणि त्या बाजूला सोलापूर हे या प्रवाहाचे मोठे केंद्र. तिथल्या विडी कामगार बहुतांशी तेलुगूभाषक स्त्रिया. हातमागाच्या मागोमाग स्थलांतरित झालेल्या पद्मशाली कुटुंबांतल्या. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी मजुरीच्या पुढे जाऊन घराचा प्रश्न धरला. सोलापूरजवळच्या कुंभारी इथे कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते किल्ल्या दिल्या गेल्या.

दुसरा प्रवाह सहकाराचा. १९६६चा कायदा केरळात लागू होताच कन्नूर भागातल्या मोठ्या मालकांनी काम बंद केले आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. १९६९ साली त्यांनी ‘दिनेश बीडी’ ही स्वतःची सहकारी संस्था काढली. ऐन भरात तिच्यात चाळीस हजारांहून अधिक कामगार होते. हरदासांनी कामठीत पाहिलेले स्वप्न तीस वर्षांनी, दुसऱ्या राज्यात आणि सरकारी भांडवलाच्या आधाराने साकारले.

तिसरा प्रवाह स्त्रियांच्या स्वतंत्र संघटनेचा. अहमदाबादेत ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून बिडी वळणाऱ्या बायांची ओळखपत्रे आणि निर्वाह निधी यांसाठी चिवट काम केले. घरखेप कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या मागेही या कामाची पुण्याई होती. मराठी सीमेवरच्या निपाणीत तंबाखूच्या वखारींमधल्या बायांनी त्याच सुमारास संप केले. त्यांच्यावर ‘युगांतर’ या चित्रपट गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. घरात बसलेली बाई संघटित होत नाही, हा समज या दोन्ही ठिकाणी मोडला.

चौथा प्रवाह जंगलाचा आणि तो खास आपल्या बाजूचा. १९६९च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या हाती गेला, पण लिलाव घेणारा ठेकेदार तोच राहिला. १९८०च्या दशकात या पट्ट्यात नक्षलवाद्यांनी तेंदूच्या मजुरीचा प्रश्न हाती घेतला. भाव वाढले, आणि बंदुकीच्या दोन्ही टोकांमध्ये सापडलेल्या गावांनी त्याची फार मोठी किंमत मोजली. वेगळी वाट दाखवली वनोपजावर गावाचा हक्क मान्य करणाऱ्या २००६च्या वनहक्क कायद्याने. २०१३पासून गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन आपल्या तेंदूचा लिलाव आपणच करायला सुरुवात केली. निविदा काढणे, ठेकेदाराशी बोलणी करणे, फळीवर मोजदाद ठेवणे, बोनस वाटणे ही कामे गावकरी करू लागले. वनखात्याची आणि ठेकेदाराची मजुरी घेणारा माणूस आता विक्रेता म्हणून समोर बसला. सगळे सुरळीत झाले असे नाही. ठेकेदारांनी पैसे थकवण्याचे प्रकार घडले, काही ग्रामसभा हिशेबात अडकल्या. तरीही ‘मालक कोण’ या जुन्या प्रश्नाला पहिल्यांदाच ‘आम्ही’ असे उत्तर मिळाले, ते जंगलाच्या टोकाला.

या साऱ्याकडे जगाच्या नकाशावर पाहिले तर चीनमधल्या स्थलांतरित कारखाना कामगारांचा अनुभव मनात येतो. तिथे खेड्यातून आलेले कोट्यवधी तरुण पर्ल नदीच्या मुखाजवळच्या कारखान्यांत आणि त्यांच्या वसतिगृहांत कोंबले गेले. ‘हुकोऊ’ या नोंदणीपद्धतीमुळे शहरात राहूनही ते शहराचे झाले नाहीत. स्वतंत्र कामगार संघटना काढायची परवानगी नाही. तरी २०१० साली फोशान शहरातल्या होंडाच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात सुमारे अठराशे कामगारांनी काम थांबवले आणि कंपनीचे चीनमधले जुळणी कारखाने ठप्प झाले. २०१४ साली डोंगुआनमधल्या युए युएन या बूट कारखान्यात चाळीस हजारांहून अधिक कामगार संपावर गेले, ते मालकाने सामाजिक विम्याचे हप्ते पुरते भरले नाहीत म्हणून. आपल्याकडच्या निर्वाह निधीच्या भांडणाशी हे किती जुळते! चिनी कामगारांच्या अभ्यासक चिंग क्वान ली यांनी दाखवले आहे की हे लोक सरकारचाच कायदा हातात घेऊन सरकारच्या दारात उभे राहतात. बिडी कामगारानेही तेच केले.

फरक आहे तो रचनेचा. चीनमध्ये भांडवलाने माणसे एका छताखाली गोळा केली, आणि तिथेच त्यांची ताकद तयार झाली: एक खाते थांबले की साखळी थांबते. गोंदियात भांडवलाने कारखानाच हजार छपरींत वाटून टाकला. इथे एका बाईने सूप खाली ठेवले तर कोणाचेच काही अडत नाही. सट्टेदार शेजारच्या वस्तीत जातो. म्हणून इथल्या संघटनेला संपाच्या आधी ओळख जुळवावी लागते. विहीर, बुद्धविहार, दंडार या लोकनाट्याचा फड, बचत गट, माल मोजायची रांग या जागा इथे फाटकाचे काम करतात.

हा विषय आत्ताच का? कारण पायाखालची जमीन सरकते आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि कल्याण निधीला पैसा पुरवणारा बिडीवरचा उपकर संपला. दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या सरकारच्या अंदाजपत्रकावर विसंबल्या. सप्टेंबर २०२५मध्ये बिडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणायचे ठरले आणि तेंदूपत्त्यावरचा १८वरून ५ टक्क्यांवर आला. त्यातले किती पैसे वळणाऱ्या हातापर्यंत पोचतात हे पाहायचे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९६६चा स्वतंत्र बिडी कायदा त्यांत विरून गेला. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी बसून काम करणाऱ्याची व्याख्या असंघटित कामगारांमध्ये येते. मग १९८५ साली निर्वाह निधीच्या हक्कदार ठरलेल्या बाईची जागा कुठली: मालकाची कर्मचारी, की योजनेची लाभार्थी? शंभर वर्षांचा प्रश्न नव्या कागदावर पुन्हा लिहिला गेला आहे.

दुसरीकडे धंदाच आटतो आहे. तंबाखूने माणसे मरतात यात शंका नाही, आणि हा संग्रह बिडीची भलामण करण्यासाठी काढलेला नाही. सरकारी नोंदीप्रमाणे देशात सुमारे पन्नास लाख बिडी कामगार आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया. जर्द्याची धूळ सगळ्यात आधी त्यांच्याच छातीत जाते. धंदा संपणार असेल तर त्यांना पर्यायी काम कोण देणार, हा कामगार चळवळीचाच प्रश्न आहे. जिल्ह्यातली तरुण मुले सुपापासून उठून नागपूर, पुणे, हैदराबादच्या बांधकामांवर, कारखान्यांत आणि गोदामांत कंत्राटी कामाला गेली. तिथेही हजेरी एकाची, पगार दुसऱ्याचा, कंपनी तिसऱ्याची. छपरीतल्या आईला पडलेला प्रश्न तिच्या मुलाला औद्योगिक वसाहतीत पडतो आहे.

म्हणून या संग्रहाची मांडणी संघटनांच्या वार्षिक अहवालासारखी ठेवलेली नाही. कोणत्या झेंड्याने किती लढे जिंकले याचा हिशेब इथे मिळणार नाही. पान तोडणारा, बिडी वळणारी, माल मोजणारा सट्टेदार आणि स्थलांतर केलेला मुलगा यांना एका ओळीत उभे करून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. सट्टेदार हा या कथेत नुसता खलनायक नाही. पुष्कळदा तोही त्याच वस्तीतला, त्याच जातीतला, वरून आलेल्या छाटीच्या आकड्याखाली दबलेला असतो. न्यायालयीन निकाल आणि बायांच्या आठवणी इथे शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत, कारण निकालपत्रात जिला ‘घरखेप कामगार’ म्हटले जाते ती स्वतःला काय म्हणते, हे ऐकल्याशिवाय दोन्हींचा अर्थ अपुरा राहतो. आंबेडकरी, डावे, स्त्रीवादी आणि वनहक्काचे कार्यकर्ते या विषयावर सहसा वेगवेगळ्या खोल्यांत बोलतात. इथे त्यांना एकाच ओसरीवर बसवले आहे, आणि त्यांचे मतभेद झाकलेले नाहीत.

एक गोष्ट वाचकाने पुस्तकभर ध्यानात ठेवावी. तेंदूची फळी आणि बिडीचे सूप यांच्यामध्ये एकाच जिल्ह्यात काही कोसांचे अंतर असते. फळीवर ग्रामसभेचा माणूस ठेकेदाराशी पानाचा भाव ठरवतो. सुपाशी बसलेल्या बाईला तेच पान मोजून आणि अपुरे मिळते. पहिल्याने आपल्या पानाचा हिशेब मागायला सुरुवात केली आहे. हे दोघे आजवर क्वचितच एका बैठकीला बसले. त्या बैठकीत काय बोलता येईल, याची सामग्री जमवण्याचे काम पुढच्या पानांनी केले आहे.